स्पीकर, गाद्या आणि ह्यांचा डावा कान

चाळीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट मरेपर्यंत जमत नाही, खोलीच्या मधोमध काही ठेवणं. माझंच सांगते. काळाचौकीच्या आमच्या चाळीत खोली एक आणि माणसं ढीगभर. दिवसा जिथे पानं मांडायची, तिथेच रात्री अंथरुणं पडायची. म्हणून सगळं सामान भिंतीला. कपाट भिंतीला, पलंग भिंतीला, शिलाई मशीन भिंतीला, मधली जमीन मोकळी. पुढे चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला वरच्या मजल्यावर ब्लॉक मिळाला, लेक लग्न करून बंगळूरला गेली, आता घरात आम्ही दोघंच. तरी आमचं सामान आपलं भिंतीला पाठ लावून उभं. येणारे म्हणतात, हॉल केवढा मोठा वाटतो हो तुमचा! वाटणारच, मधे काही असेल तर ना.

आणि आतल्या खोलीत गाद्यांची चळत. ती सासूबाईंची. त्या मालवणकडच्या. गावाहून सतत कुणी ना कुणी यायचं, कुणी नोकरी शोधायला, कुणी परळच्या हॉस्पिटलात दाखवायला. सासूबाईंचं एकच म्हणणं, "इलेल्या माणसाक उघड्या जमनीर निजवू नये." म्हणून लोखंडी ट्रंकेवर गाद्या, गाद्यांवर गोधड्या, गोधड्यांवर उशा, आणि वरून फुलाफुलांची चादर. त्या गेल्या, पण चळत तशीच राहिली. टॉवरमध्ये राहायला आलो तेव्हा देव्हाऱ्याच्या आधी गाद्या लिफ्टने वर चढल्या. आतल्या खोलीच्या एका भिंतीला त्या बसल्या, समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट.

ह्याच खोलीत स्पीकर आले.

आमचे हे विमा कंपनीतून रिटायर झाले. आयुष्यभर ह्यांना एकच हौस, गाणं ऐकायचं. म्हणजे कानात बोंडं खुपसून नव्हे, समोर बसून, डोळे मिटून, मैफलीला बसल्यासारखं. रेकॉर्डी होत्या, प्लेअर होता, फक्त स्पीकर आपले शेल्फवरचे, डबडे. रिटायर झाल्यावर गिरगावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचे जमिनीवर उभे करायचे स्पीकर ह्यांना मिळाले. ते गृहस्थ मुलाकडे राहायला निघाले होते, तिकडे जागा नव्हती. टेम्पोत चढवताना ते मला म्हणाले, "वहिनी, एवढं करा. ह्यांना भिंतीला टेकवू नका. पुढे, मोकळे उभे राहू देत."

मी हो म्हटलं. म्हणायला काय जातंय!

स्पीकर कसले, माझ्या छातीपर्यंत उंचीचे दोन खांब. वर आणताना वॉचमनने विचारलं, "काकी, मंडळाचे काय?" हे खाली टेम्पोवाल्याला चहा पाजत होते, तेवढ्यात मी आणि त्याच्या माणसाने दोन्ही खांब खोलीच्या दोन कोपऱ्यांत नेऊन अगदी भिंतीला भिडवले. वर क्रोशाचे रुमाल घातले. एकावर फुलदाणीही ठेवली. छान दिसत होतं, उगाच कशाला खोटं बोलू.

ह्यांनी वर येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, देवघर आहे काय हे?"

"ऐकून तर बघा."

ऐकलं. गाणारी बाई बंद डब्यात तोंड घालून गातेय असं वाटलं. तबला तर तबला राहिलाच नव्हता, नुसता घूं घूं. वर पाणी चढवायचा पंप चालू झाला की काय म्हणून मी गॅलरीत डोकावूनही आले. मग ह्यांनी समजावलं की मोठे स्पीकर कोपऱ्यात घातले की खालचे सूर भिंतीवर आपटून फुगतात, बाकी सगळं त्यात बुडतं.

झालं, दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात महाभारत. हे स्पीकर पुढे ओढायचे. मी झाडताना मागे ढकलायची. हे पुन्हा ओढायचे. "अहो, माणसाने चालायचं कुठून?" "बाजूने." "कुठल्या बाजूने? मी काय झुरळ आहे, फटीतून जायला?" एकदा तर माझी करंगळी अशी आपटली स्पीकरच्या पायाला, की आई गं! दोन दिवस लंगडत होते. तेव्हा ह्यांनी स्वतः हळद लावली आणि जमिनीवर खडूने खुणा करून दिल्या. इथे स्पीकर, इथे खुर्ची, बाकीची जागा तुझी. मीही म्हटलं, जाऊ दे, ह्यांनी नोकरीत जन्म काढला, एक खोली वापरू देत.

त्या खुणा करायला ह्यांनी सबंध रविवार घालवला. मोजायची टेप माझ्या हातात दिली, एक टोक मी धरायचं, एक ह्यांनी. डावीकडच्या भिंतीपासून जेवढं, तेवढंच उजवीकडच्या. खुर्चीपासून डावा स्पीकर जेवढा लांब, तेवढाच उजवा. तोंडं किंचित आत, खुर्चीकडे वळवलेली. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. हे सांगत होते, सगळं बरोबर जमलं ना, की गाणारी बाई दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन बसते. तिथे काही नसतं, तरी आवाज तिथूनच येतो. म्हटलं, भूतच की मग! ह्यांनी मला खुर्चीत बसवून विचारलं, "येतोय ना नीट?" मी ऐकलं. बाई सुरेख गात होती. "येतोय की छान," म्हटलं आणि भाजीत मीठ टाकायला उठले. मला काय, आवाज आला म्हणजे आला. कुठून यायला हवा ते बघायचं असतं हे मला कुठे ठाऊक होतं!

त्यानंतर थोडे दिवस रोज दुपारी गाणं चालायचं. मग एक दिवसाआड. मग नाहीच.

मी आधी लक्ष दिलं नाही. मग दिसायला लागलं. हे खुर्चीत बसायचे, रेकॉर्ड लावायचे, आणि डोळे मिटायच्या ऐवजी मान इकडून तिकडे करायचे. एकदा डाव्या कानावर हात ठेवून बसलेले दिसले, एकदा उजव्या. फोन आला की उजव्या कानाला. मी विचारलं, "काय हो, दुखतंय का काही?" तर अंगावर आले. "काही नाही म्हटलं ना एकदा!" आता आमचे हे चिडणारे नव्हेत. चिडायचं खातं माझ्याकडे आहे. चाळीस वर्षांची ती वाटणी अशी मोडली म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं मला कळलं.

शेवटी मी एका संध्याकाळी ह्यांना ताटावर बसवून ठेवलं. म्हटलं, बोला, नाहीतर वाढणार नाही.

खाली बघत म्हणाले, "डावा कान गेलाय माझा."

मी भाताचा डाव तसाच हातात धरून उभी.

मग हळूहळू सगळं निघालं. गाणारी बाई मधोमध बसत नव्हती. सारखी उजवीकडे सरकायची. ह्यांना आधी वाटलं, यंत्रात काही असेल, म्हणून तारांची अदलाबदल केली. बाई उजवीकडेच. मग वाटलं, डावा स्पीकर अधू असेल. मी भायखळ्याला भाचीकडे गेले होते तेव्हा ह्या माणसाने एकट्याने, ह्या वयात, ते दोन्ही खांब ओढत ओढत डाव्याचा उजवा आणि उजव्याचा डावा केला. तरी बाई उजवीकडेच. खोली तर टेपने मोजलेली, दोन्हीकडे सारखी. "आणि तू बसलीस तेव्हा म्हणालीस, छान येतोय. म्हणजे तुला मधोमध ऐकू येतंय. मग राहिलं काय? कान."

"मेल्या माझ्या जिभेला हाड नाही!" मी म्हटलं. "अहो, मला काय कळतंय त्यातलं? आणि ते धूड एकट्याने ओढलंत? कंबर मोडली असती म्हणजे!"

पण ओरडता ओरडता मीच घाबरले होते. कारण ह्या घरात कान जाणं म्हणजे काय, ते मी बघितलेलं होतं.

माझे सासरे गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे माग. एका खात्यात शेकडो साचे एकदम धडधडणार, शेजारच्याशी बोलायचं तर हाताने आणि ओठांनी. जन्मभर तेच ऐकून त्यांचे कान गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. सासूबाई त्यांच्याशी हातवारे करून बोलायच्या. मूठ तोंडाशी नेली की चहा, बोटं जुळवली की जेवायला या. नवी नवरी मी, मला आधी वाटलं सासूबाई मलाच दटावतायत. घरात दहा माणसं हसत असली की सासरे एकेकाच्या तोंडाकडे बघायचे आणि सगळ्यांच्या मागून हसायचे. काय विनोद झाला ते कधी कुणी त्यांना सांगितलं नाही. मला त्यांचं ते हसणं बघवायचं नाही.

आता तसंच ह्यांचं होणार? ज्या माणसाची सगळी करमणूक कानात, त्याचेच कान?

मी म्हटलं, उद्याच्या उद्या दादरला डॉक्टरकडे जाऊ. हे म्हणाले, नवरात्र होऊ दे. मी म्हटलं, देवी काय कानाला नको म्हणते? तर म्हणाले, "अगं, एकदा डॉक्टरने सांगितलं की संपलं. अजून कुणी सांगितलेलं नाही, तेवढे दिवस तरी राहू दे." मी डॉक्टरचा विषय सोडला. घरात रेकॉर्ड वाजेना. दोघं आपापल्या खोलीत. ते दोन खांब नुसते उभे.

घटस्थापनेच्या आधी मी घर काढलं. म्हणजे जाळी-जळमटं, पंखे, फरशी, सगळं. आतल्या खोलीची पाळी आली तेव्हा ती शांतता मला खायला उठली. हे आपले खुर्चीत पेपर तोंडापुढे धरून. मी म्हटलं, "काहीतरी लावा. मढं पडल्यासारखं घर झालंय. उजवीकडून येऊ दे नाहीतर वरून येऊ दे, लावा." माझा आवाज ऐकून मुकाट्याने उठले आणि रेकॉर्ड लावली. तीच बाई, तेच गाणं.

मी स्पीकरच्या बाजूने पुसत मागे मागे येत होते. खुर्चीपाशी आले तर ह्यांचे पाय मधे.

"पाय वर घ्या."

घेतले. पण बादली ठेवायला जागा होईना. मी तशीच वैतागलेली. म्हटलं, "अहो, उठा जरा." उठले. मी खुर्ची गर्रकन फिरवली, पाठ स्पीकरांकडे, तोंड दाराकडे. "आता बसा तिकडे तोंड करून. आणि पाय खाली सोडायचे नाहीत, फरशी ओली आहे."

बसले बिचारे मांडी घालून. मी पुसतेय. गाणं चाललंय. आणि मधेच हे म्हणाले, "थांब."

"आता काय?"

"थांब गं जरा." चेहरा असा झाला होता की मी फडकं बादलीत सोडून उभीच राहिले. "बाई डावीकडे गेली."

"कोण बाई?"

"अगं, गाणारी! आता माझ्या डाव्या कानात येतेय. ह्या. ह्या कानात!" आणि डाव्या कानाची पाळी धरून दाखवायला लागले.

मला काही उमगेना. मग ह्यांनीच समजावलं, तेही चाचरत. डावा कान गेला असता, तर तोंड कुठेही करा, आवाज उजव्या कानातच जास्त यायला हवा होता. पण खुर्ची फिरली आणि बाई डाव्या कानात आली. म्हणजे बाई कानामुळे सरकत नव्हती. ती खोलीच्या एकाच बाजूला बसत होती. आधी ती बाजू उजव्या हाताला होती, आता डाव्या हाताला.

"म्हणजे कान?"

"कान शाबूत!"

मी ओल्या फरशीवर फतकल मारून बसले आणि रडायलाच लागले. रडता रडता ह्यांना शिव्या. एवढे महिने जीव टांगणीला लावलात, खुर्ची फिरवून बघायला काय झालं होतं, मला नीट विचारलं असतंत तर! हे हसत होते, आणि ह्यांच्याही डोळ्यांत पाणी. माणूस इतका हलका झालेला मी लेकीच्या जन्मानंतर पहिल्यांदा बघितला.

मग दोघांनी मिळून खोलीकडे बघितलं. टेपने मोजलं तर दोन्हीकडे सारखी. पण उजव्या भिंतीला लोखंडी कपाट, त्यावरून आवाज टणकन परत येणार. आणि समोरच्या भिंतीला? गाद्या! कापसाचा तो डोंगर आवाज गिळून बसला होता. उजवीकडून येणारा आवाज दुप्पट, डावीकडचा जागच्या जागी जिरलेला. मग बाई उजवीकडे नाही जाणार तर काय करणार?

आणि गंमत सांगू? खोलीत इतकी मोजामोजी केली, पण ती चळत आम्हा दोघांनाही दिसली नाही. चाळीतल्या माणसाला गाद्यांची चळत दिसतच नाही हो. ती भिंतच असते. गिरगावच्या त्या गृहस्थांना बोलावलं असतं तर दारातच म्हणाले असते, हे काय आहे?

हे म्हणाले, काढून टाकू. मी म्हटलं, खबरदार! उद्या गावाहून कुणी आलं तर काय तुमच्या स्पीकरवर झोपवू? त्यावर पुन्हा थोडं वाजलं. मग मलाच सुचलं. निम्म्या गाद्या उचलल्या आणि कपाटापुढे रचल्या. डावीकडे एक चळत, उजवीकडे एक चळत, दोन्हींवर चादर. माझं कपाट अर्धंच उघडतं तेव्हापासून. साडी काढायची तर दोन गाद्या उचला. चालवून घेतेय.

खुर्ची पुन्हा जागेवर आली. रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. हे बसले, डोळे मिटले, आणि बोलले काही नाहीत, फक्त हात उचलून दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. मग मला बसवलं. ह्या वेळी काय बघायचं ते माहीत होतं. खरंच हो, तिथे काही नव्हतं आणि बाई तिथेच बसून गात होती.

डॉक्टरकडे मी त्यांना नंतर नेलंच, दसरा झाल्या झाल्या. काचेच्या खोलीत बसवून, कानात शिट्ट्या वाजवून तपासलं. दोन्ही कान सारखे, वयाप्रमाणे थोडे मंदावलेले, काळजीचं काही नाही म्हणाले. पण ते नंतरचं. मला सांगायची आहे ती त्या दुपारचीच गोष्ट.

रेकॉर्ड संपली. मी जमिनीवर, भिंतीला टेकून. हे खुर्चीत, डोळे उघडे. मी चिडवलं, "गाण्यासाठी एवढा जीव काढलात होय!"

"गाण्यासाठी नाही गं," हे म्हणाले. "आई गेली तेव्हा तू घरी होतीस, छोटीला घेऊन."

होते. ह्यांनी तिथलं कधी काही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"हॉस्पिटलात मी आणि बाबा होतो. आईला हात उचलता येत नव्हते. सलाईन होतं, आणि ताकदच नव्हती. ती बाबांकडे बघून काहीतरी म्हणाली. अगदी बारीक आवाजात. बाबा वाकले, तिच्या तोंडाशी कान नेला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'काय म्हणता रे ती?' ती विचारत होती, 'चाय घेतलात?' मी त्यांना हाताने खूण करून सांगितलं. ते परत वळले तेव्हा ती गेली होती."

खाली कुणाचा तरी टॅक्सीवाल्याशी वाद चालला होता.

"बायकोचं शेवटचं बोलणं त्यांना माझ्याकडून कळलं," हे म्हणाले. "मला सारखं तेच दिसत होतं. आणि आपल्याकडे तर सांगायलाही कुणी नाही. लेक लांब. तू काही म्हणालीस तर मी कुणाकडे बघून विचारू?"

सबंध वर्ग एका हाकेत गप्प करणारी बाई मी, शाळेत बत्तीस वर्षं काढली. उठले, बादली उचलली, मोरीत पाणी ओतलं, हात धुतले. स्वयंपाकघरात ओट्यापाशी पाठ करून उभी राहिले. आवाज चढवला नाही. उलट होता तो खाली आणला, माझा मलाच जेमतेम ऐकू येईल एवढा.

"चहा टाकू?"

आतून लगेच आलं, "टाक. आलं घाल थोडं."

मी आलं ठेचायला घेतलं.